छातीचा पहिला फोटो

हे अरविंदला माहीत नाही. एका घरात राहून, एकाच धंद्यात समोरासमोर टेबलं टाकून बसूनही माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. माझ्या आईला माहीत नव्हतं, ती गेली. रेखाला, म्हणजे माझ्या जावेला, माहीत नाही. आणि दिलीपला — माझ्या दिराला — त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्यातल्या कुणालाच ओळखत नाही. हे कारण काही फार बरं नाही. पण दुसरं माझ्याकडे नाही.

मी व्यवस्थित बाई आहे. कौतुक म्हणून सांगत नाही, पुढे त्याचा संबंध येणार आहे म्हणून सांगते. दुबईला अल क्वोजमध्ये आमचं मसाले दळायचं आणि पॅक करायचं युनिट. माल आणायला अरविंद सारखा मुंबईला, तिथून पुढे गुंटूरला, त्यामुळे इकडचं सगळं माझ्याकडे. कुणाचा व्हिसा कधी संपतो, कुणाचं हेल्थ कार्ड कधी काढायचं, मशीनचा पट्टा कधी बदलला — मला विचारा, मी उठून फाईल काढून देणार. बलदियाचे, म्हणजे म्युनिसिपालिटीचे इन्स्पेक्टर आमच्याकडे आले की दहा मिनिटांत चहा पिऊन जात. दिलीपने माझंच नाव बलदिया ठेवलं होतं. मी युनिटमध्ये पाऊल टाकलं की दळणाच्या आवाजावर आवाज काढून तो ओरडायचा, "यल्ला रे, टोप्या घाला! बलदिया आली!" आणि मग स्वतःच टोपी विसरलेला असायचा.

दिलीप आमच्याकडेच राहायचा, करामा भागातल्या फ्लॅटमध्ये, हॉलला पार्टिशन घालून. रेखा आणि त्याची लहान मुलगी गावी, लांज्याच्या पुढे. तो आमच्या मशीनचा कणा होता — मिरचीचं दळण हातावर घेऊन अंगठ्याने चोळायचा आणि सांगायचा, अजून एक फेरी. शुक्रवारी दुपारी युनिटच्या शेडखाली कॅरम. त्याच्याविरुद्ध पैज लावायला कोणी तयार नसायचं. कामगारांतला केरळचा नाही, पेशावरचा नाही. क्वीन घेतली की भुवई उडवायचा आणि म्हणायचा, "खलास, हबीबी."

त्याला दमा लागला तो तिशी उलटल्यावर. त्याआधी नाकात मांस वाढायचं, रत्नागिरीला ऑपरेशन करून आला होता, पुन्हा वाढलं. मग रात्रीची शिट्टी सुरू झाली. माझी ऋचा तेव्हा शाळकरी, सकाळी दूध पिताना म्हणाली, "मम्मा, काका साउंड्स लाइक द कुकर." आम्ही हसलो. दमा का झाला, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मिरचीच्या धुरळ्यात उभा राहणाऱ्या माणसाला दमा होणार नाही तर काय होणार? डॉक्टरांनीही तेच धरलं, पंप दिला. मी मास्क आणले, एक्झॉस्ट पंखा वाढवला. उत्तर इतकं सरळ समोर होतं की कुणी दुसरं शोधलंच नाही. यात माझी एकटीची चूक नाही. माझी एकटीची आहे ती पुढे.

रमजान तोंडावर आला होता. या धंद्यात रमजान म्हणजे आमची दिवाळी, दसरा आणि मार्च-एण्ड एकत्र. एका मोठ्या सुपरमार्केटची ऑर्डर पहिल्यांदाच आमच्याकडे आलेली. अरविंद गुंटूरला. आणि दिलीपला ताप. रोज संध्याकाळी थोडा, अंगावर काढण्याइतका. खोकला, आणि वजन — पँटच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलेलं मी पाहिलं, तेव्हा त्याला गाडीत घातलं आणि जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं.

तिथल्या डॉक्टर केरळच्या, वयस्क, फार बोलत नसत. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला. दिलीप आतल्या खोलीत मास्क लावून वाफ घेत बसला आणि त्यांनी मला एकटीला बोलावलं. फोटो उजेडावर लावला होता. उजव्या बाजूला, वर, कापूस पिंजल्यासारखं काहीतरी पांढरं.

"मॅडम, ये दाग मुझे अच्छा नहीं लगता," त्या म्हणाल्या. "टीबी हो सकता है, नहीं भी हो सकता. चेक करना पड़ेगा. मैं सरकारी अस्पताल को लिखके देती हूँ."

आखातात राहिलेल्याला हा शब्द ऐकून काय होतं, ते मी समजावून सांगू का? त्या काळी व्हिसाच्या मेडिकलमध्ये छातीच्या फोटोवर तसला डाग निघाला की पुढचं बोलणं सहसा विमानाच्या तिकिटाचंच असायचं. दिलीपचा व्हिसा रिन्यू व्हायला आला होता. त्यात आमचं खाण्याचं युनिट. दळणाऱ्यालाच टीबी — म्हणजे सगळ्यांची तपासणी, युनिटला टाळं, सुपरमार्केटची ऑर्डर परत. मी हे सगळं एका क्षणात ओळीने मांडलं. एक, दोन, तीन. मला तशी सवयच आहे. आणि त्या ओळीत दिलीपची छाती कुठे होती? शेवटी. खोटं कशाला बोलू — कदाचित नव्हतीच.

मी फोटो घेतला, चिठ्ठी घेतली, थँक यू म्हटलं. बाहेर दिलीप, वाफ संपवून, गाडीला टेकून उभा. "काय म्हणाली अम्मा?"

"फोटो साफ आहे," मी म्हटलं. "कफ साठलाय. गोळ्या घ्यायच्या."

चिठ्ठी मी घरी आल्यावर फाडली. फोटो कपाटात ठेवला, साड्यांच्या खाली — मी वस्तू फेकत नाही.

गोळ्या माझ्याकडे होत्या. त्या प्रत्येक कोकणी घरात असत तेव्हा. गावचे डॉक्टर दम्यावर एक बारीक पांढरी गोळी देत. जो कोणी सुट्टीवरून परत येई तो पापडांबरोबर त्याही आणी. ते स्टेरॉइड आहे हे मला माहीत होतं. घेतली की माणूस उठून बसतो, एवढंही माहीत होतं. मी दिलीपला ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने दिली, जेवणानंतर, पाण्याबरोबर, अगदी काटेकोर. तो खरंच उठून बसला. ताप गेला, खोकला गेला, भूक आली. "वहिनी, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं, उगाच मिरच्या मोजताय," असं म्हणाला. व्हिसाच्या मेडिकलला गेला आणि फोटो साफ निघाला.

साफ. तो डाग गेला होता. तुम्हाला कळतंय का मला किती बरं वाटलं? टीबी असा गोळ्यांनी जात नाही, एवढं मलाही कळत होतं. म्हणजे टीबी नव्हताच. म्हणजे मी बरोबर होते. क्लिनिकच्या त्या डॉक्टरांचा मध्ये एकदा युनिटवर फोन आला — पेशंट अस्पताल गया क्या? मी म्हटलं, इंडिया भेज दिया, वहीं इलाज चल रहा है. "अच्छा किया," त्या म्हणाल्या. त्यांनाही बरं वाटलं. रमजानचा माल वेळेवर गेला. गोळ्या संपल्या, त्या मी पुन्हा मागवल्या नाहीत.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाला सगळं परत आलं. ताप, खोकला, आणि आता धाप अशी की पार्टिशनच्या पलीकडून ती ऐकत मी जागी राहायची. अरविंद इथेच होता. तो म्हणाला, आता छोट्या क्लिनिकमध्ये नाही, मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं, खर्चाचं मी बघतो. त्याला गोदामात माल उतरवून घ्यायचा होता, म्हणून दिलीपबरोबर मी गेले.

इथे मला सावकाश जाऊ द्या.

छातीचे डॉक्टर आमच्याच वयाचे होते, दिल्लीकडचे, भले. त्यांनी नवीन फोटो लावला. डाग होता — पण डाव्या बाजूला, खाली. मी तो पाहिला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा वेगळा आहे. तो वर होता, उजवीकडे. हा दुसराच. म्हणजे जुन्याचा याच्याशी काही संबंध नाही. किती सोयीचा विचार! डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, याआधी कधी छातीचा फोटो काढला होता का? असेल तर मला हवाय. कुठलाही. आणि इंडियातून आणलेल्या काही गोळ्या?

दिलीप म्हणाला, "हां डॉक्टर, पाच-सहा महीने पहले एक निकाला था—"

"वो क्लिअर था," मी म्हटलं. मध्येच. त्याचं वाक्य पुरंही होऊ दिलं नाही. "बिलकुल क्लिअर. फेंक दिया होगा. और गोली-वोली कुछ नहीं, बस पंप."

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. गोळ्यांचं त्याला माहीत होतं ना — मीच तर देत होते. तो एवढासा हसला. त्याला वाटलं असणार, गावच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून डॉक्टर ओरडतील, वहिनी सांभाळून घेतायत. आमच्या घरात वहिनी बोलली की दीर पुढे बोलत नाही. तो गप्प बसला. माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसला.

का बोलले मी असं? आता तर ऑर्डर नव्हती, व्हिसा झाला होता. तो फोटो घरी कपाटात होता, गाडीने वीस मिनिटांवर. मी म्हणू शकले असते — थांबा, आणते. पण मग तिथेच, दिलीपच्या समोर निघालं असतं, की मी त्याला साफ म्हणून सांगितलेला फोटो साफ नव्हता. मी त्याच्या तोंडावर खोटी ठरले असते. तेवढ्यासाठी. दुसरं काहीही नव्हतं. हे मी अनेकदा उलटून पालटून पाहिलं आहे — काही मोठं, निदान समजण्यासारखं कारण सापडतं का. सापडत नाही.

डॉक्टरांनी न्यूमोनिया धरला, ताकदीची अँटिबायोटिक दिली आणि दोन आठवड्यांनी बोलावलं.

त्याच आठवड्यात मी साड्यांखालचा फोटो काढला. फाडायला गेले तर फाटेना. एक्स-रेची फिल्म फाटत नाही. आणि पॅकिंगच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तिच्यासारखा छाप, म्हणजे स्टेन्सिल, दुसऱ्या कशाचा होत नाही — जाड असते, रंगाने फुगत नाही, पुसली की कोरी. मी ती युनिटवर नेली, पट्टी लावून इंग्रजी अक्षरं आखली, ब्लेडने कापली. मिरचीच्या खोक्यांवर मारायचा छाप. डाग होता तिथे पहिलं अक्षर आलं. तो तुकडा कापून खाली पडला, तो मी झाडून कचऱ्यात टाकला. मग त्या छापावरून काळा रंग फिरवला तो दिलीपनेच. "वा बलदिया," म्हणाला, "आता कशी सरळ लाइन येते!"

दोन आठवडे व्हायच्या आधीच त्याच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मग चालताना पाऊल उचलेना, चप्पल घासत यायची. आम्हाला वाटलं अशक्तपणा. शुक्रवारी तो कॅरमला बसला, स्ट्रायकरवर बोट ठेवलं आणि बोट हललंच नाही. मनगट असं खाली लोंबलं, ओल्या फडक्यासारखं. कुणीतरी हसलं, म्हणालं, नाटक करतोय. दिलीपनेही हसायचा प्रयत्न केला. मग त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

त्या रविवारी ॲडमिट केला. रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. पायाच्या नसेचा तुकडा काढून तपासला. मग आजाराचं नाव आलं — दोन डॉक्टरांची आडनावं जोडून केलेलं, मला ते लिहून घेतल्याशिवाय म्हणताही येईना. त्याच दिल्लीकडच्या डॉक्टरांनी अरविंदला आणि मला बसवून समजावलं. शरीर स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उठतं. त्यांना सूज येते, पुढचं रक्त तुटतं. फार थोड्यांना होतो, आणि होतो तो बहुतेक दम्याच्या माणसांना. आधी नाक, मग मोठेपणी लागलेला दमा, मग छातीतले डाग, मग नसा. पुष्कळदा असाच, पायरीपायरीने.

"इसके दाग घूमते हैं," ते म्हणाले. "आज इधर, कल उधर. स्टेरॉइड दो तो गायब. एक ही फोटो देखो तो न्यूमोनिया लगता है, टीबी लगता है. दो अलग-अलग जगह के दो फोटो साथ में रखे होते, तो मुझे उसी दिन शक हो जाता. और हाथ की नसें तब ठीक थीं." मग माझ्याकडे बघून, मला धीर द्यायचा म्हणून, ते पुढे म्हणाले, "लेकिन आपका पहला तो क्लिअर था. बॅड लक."

अरविंदने मान हलवली. मीही मान हलवली.

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? उपचार आता योग्य सुरू होते, सांगून दिलीपचं काही बिघडणार नव्हतं. फक्त माझं. मी पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, औषधं कुठल्या वेळी द्यायची.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही कुणालाही विचारा, लोक भरभरून सांगतील. पुन्हा त्याच पांढऱ्या गोळ्या, पण मापात आणि वेळेवर. त्यांच्याबरोबर दर महिन्याला एका जहाल औषधाची सलाइन. साखर, रक्तदाब, लघवी — एकही तारीख मी चुकू दिली नाही. रेखाला बोलावून घेतलं, मुलीला इथल्या शाळेत घातलं. छाती सुधारली, पाऊल बऱ्यापैकी उचलू लागलं. उजवा हात नाही. मनगटाला पट्टी लावून तो हात नुसता बरोबर असतो. करामातल्या बायका त्यांच्या सुनांना माझं उदाहरण देतात. सासूबाई गेल्या त्याआधी माझे हात धरून म्हणाल्या, "माझा पोर तू राखलास गो." मी त्यांना म्हटलं, आता आराम करा.

तुम्ही म्हणाल, एवढं केलंस, त्यातच फेड आली. नाही हो. मी ते फेडायला केलं नाही. कामच करत राहिलं की कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून केलं असावं. मलाही मी पुष्कळदा कामालाच लावते.

तीन-चार वर्षांनी दिलीप कायमचा गावी परतला. मशीनवर उभं राहणं जमेना, आणि बसून हिशेब लिहायचा तर डाव्या हाताने अक्षर लागेना. गेल्या मे महिन्यात त्याने लांज्याच्या बाजारात छोटी चक्की टाकली, मसाल्याची. उद्घाटनाला आम्हा सगळ्यांना बोलावलं. मी रिक्षातून उतरले आणि पाटी पाहिली. सुनंदा मसाले. सुनंदा माझं नाव.

दुकानासमोर मांडव होता, सगळी वाडी जमलेली. दिलीपने नारळ घेतला आणि माझ्यापुढे आला, डाव्या हाताने. मागून एक म्हातारा मामा ओरडला, "अरे, उजव्या हातानं दी! डाव्या हातानं कोण नारळ देतो?"

"मामानु, उजवा रजेवर हाय!" दिलीप म्हणाला. "पासपोर्टच अरबानं ठेवून घेतलान त्याचा!"

मांडव हसला. मीही हसले. मग त्याचा आवाज बदलला, आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की तिकडे मोठमोठ्या डॉक्टरांना कळत नव्हतं तेव्हा या बाईने मला राखलं, ही नसती तर हे दुकान नसतं आणि मीही नसतो. रेखा डोळे पुसत होती. अरविंद माझ्याकडे बघत होता — अभिमानाने. सगळे थांबले होते, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी डोक्यावर पदर घेतला. दोन्ही हात पुढे करून नारळ घेतला. मग आत जाऊन चक्कीचं बटण दाबलं, आणि तिच्या आवाजात पुढचं कुणाचंच काही ऐकू आलं नाही.